बुडी संपते घाटावर

नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात जातात, पण ज्याला पाण्याखाली बघायचं आहे त्याने दसरा-दिवाळीपर्यंत कळ काढलेली बरी. पावसाळाभर गड, कर्ली, तेरेखोल या नद्यांनी आणलेला गाळ किनाऱ्यालगत घोळत असतो. ऑक्टोबर सरता सरता वारा पडतो, लाटा मवाळ होतात, गाळ खाली बसतो. नेमक्या याच दिवसांत बेळगाव, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लजच्या गाड्या आंबोलीकडे वळतात. डिकीत फराळाचे डबे असतात, मागच्या सीटवर पोरं असतात आणि हल्ली कार्यक्रमात एक नवीन कलम असतं: स्कुबा.

बेळगावला समुद्र नाही हे भूगोलाच्या पुस्तकात खरं आहे. गावाचा स्वभाव बघितला तर तसं वाटत नाही. इंग्रजांची छावणी इथं आली तेव्हा तिचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा आणि बैलगाड्यांनी घाट चढायचा. बेळगाव-वेंगुर्ला रस्ता हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. मासळी याच वाटेने वर येते. सुरमई, बांगडा, तांबोशी रात्री बर्फात घाट चढतात आणि सकाळी आमच्या बाजारात असतात. म्हणजे समुद्राशी आमची ओळख जुनी आहे, फक्त ती मेलेल्या माशांच्या मार्फत झालेली आहे. जिवंत मासा त्याच्या घरी जाऊन बघण्याची हौस या पंधरा-वीस वर्षांतली.

त्या हौसेची पहिली पायरी बहुतेकांसाठी मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात बोट थांबते, पाठीवर टाकी चढवतात, तोंडात नळी देतात आणि प्रशिक्षक मागून टाकीचा दांडा धरून तुम्हाला खाली नेतो. पाच-सात मीटर खोली, पंधरा-वीस मिनिटं, वर आल्यावर मोबाइलवर व्हिडिओ. आमच्याकडची पोरं विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेली असतात, त्यामुळे पाण्याची भीती नसते; गडबड होते ती नाकाने श्वास न घेण्याची. मला या वीस मिनिटांबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती फोटोसाठी काही ठिकाणी माशांना पाव-बिस्किटं टाकून गोळा करतात त्याबद्दल, आणि दगडावर पाय ठेवावा तसा पोवळ्यावर पाय ठेवून उभं राहणाऱ्यांबद्दल. पोवळं म्हणजे दगड नव्हे, प्राण्यांची वसाहत आहे. मालवणजवळ जिवंत पोवळी आहेत हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासीम आणि वाफर या शास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलं. १९८७ मध्ये इथं सागरी अभयारण्य जाहीर झालं, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. मच्छीमारांचा त्याला विरोध होता आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता, कारण ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना आधी विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. पोवळ्यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, म्हणजे कागदावर त्यांना वाघाइतकाच मान. कागद पाण्यात टिकत नाही ही गोष्ट वेगळी.

दुसरी पायरी नेत्राणी. मुर्डेश्वरच्या समोर साधारण १९ किलोमीटरवर हे बेट आहे, वरून बदामाच्या आकाराचं. नौदल या बेटावर तोफांच्या सरावासाठी नेम धरत आलं, त्यावरून प्रकरण कोर्टात गेलं. बेटावर माणूस राहत नाही. पांढऱ्या पोटाचे समुद्रगरुड इथं घरटी करतात, खाली पाण्यात पोपटमासे, फुलपाखरी मासे, कपारीतून तोंड काढून बसलेले मोरे ईल, बाराकुडांचे थवे आणि नशीब असेल तर कासव. मालवणला चार-पाच मीटरवरचं दिसलं तरी लोक खूष असतात. इथं चांगल्या दिवशी त्याच्या तिप्पट लांबचं दिसतं. शिवाय सीमाभागातल्या माणसाला एक फायदा आहे, ज्याचा उल्लेख कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत नसतो. नेत्राणीच्या बोटीवर तांडेलाशी कन्नडमध्ये बोलता येतं आणि मालवणच्या बोटीवर मराठीत. ‘एष्टु आळ इदे?’ आणि ‘किती खोल हाय?’ हे दोन्ही प्रश्न निपाणीचा माणूस एकाच दमात विचारू शकतो. ज्या द्विभाषिकपणावरून जमिनीवर इतकं राजकारण झालं, तो पाण्यावर आयता उपयोगी पडतो.

पण मालवण काय किंवा नेत्राणी काय, दोन्हीकडे सकाळी जाऊन दुपारी परत यायचं असतं. ज्या जागी सकाळी जाऊन दुपारी परत येता येत नाही, तिथली गोष्ट वेगळी आहे.

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर भर समुद्रात एक बुडालेलं पोवळ्यांचं पठार आहे. उत्तर-दक्षिण चाळीसेक किलोमीटर, पूर्व-पश्चिम पंधराएक. नाव आंग्रिया बँक. १७२९ साली वारलेल्या कान्होजी आंग्र्यांच्या धाकाने ज्यांची झोप उडाली होती, त्या युरोपीय दर्यावर्दींच्या नकाशांतून ते नाव आजपर्यंत आलं. मराठ्यांच्या सरखेलाचं नाव मिरवणारी ही जागा मराठी माणसाने जवळपास पाहिलेलीच नाही, कारण तिचा एकही दगड पाण्याबाहेर नाही. सर्वांत उथळ भागसुद्धा सुमारे वीस मीटर खाली. यातली मेख डायव्हिंग शिकलेल्यांच्या लगेच लक्षात येईल. पहिल्या पातळीचा परवाना तुम्हाला अठरा मीटरपर्यंत जाऊ देतो. म्हणजे नवशिक्याचं जिथं संपतं, त्याच्याही खाली आंग्रिया सुरू होतं.

आठ-दहा नॉटच्या बोटीला तिथं पोचायला सहा-सात तास लागतात. जाऊन, बुड्या मारून त्याच दिवशी परत येणं शहाणपणाचं नाही. तिथं जायचं तर बोटीवरच राहायचं, जेवायचं, झोपायचं. जगभर डायव्हिंगच्या धंद्यात अशा बोटींना लिव्हअबोर्ड म्हणतात, मालदीवमध्ये सफारी बोट. आंग्रियावर मात्र गेले ते मुख्यतः शास्त्रज्ञ. सागरी जीवशास्त्रज्ञ सारंग कुलकर्णी यांनी या पठारासाठी अनेक वर्षं खटपट केली आहे. तारकर्लीची महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची स्कुबा संस्था उभी करण्यातही त्यांचा हात होता. २०१९ च्या अखेरीस वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटी, कोचीचं केंद्रीय सागरी सजीव संसाधन केंद्र आणि महाराष्ट्राचं कांदळवन प्रतिष्ठान यांनी मिळून ‘सागर संपदा’ या संशोधन जहाजावरून मोहीम काढली. हे जहाज १९८४ साली डेन्मार्कमध्ये बांधलेलं. पाण्याखाली उतरणारे शास्त्रज्ञ, कॅमेरे, नमुने घेणारी यंत्रं, असा सगळा संसार घेऊन ते पठारावर जाऊन राहिलं. किनाऱ्यापासून इतक्या लांब नदीचा गाळ पोचत नाही, म्हणून तिथलं पाणी मालवणच्या मानाने काचेसारखं असतं.

आणि आता आमच्या भागातल्या वाचकाला गंमत वाटेल अशी गोष्ट. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत देशाचा प्रादेशिक समुद्र. आंग्रिया त्याच्या बरंच पलीकडे, पन्नासहून अधिक सागरी मैलांवर आहे. तिथं वन्यजीव कायद्याखाली अभयारण्य जाहीर करता येत नाही, कारण तो कायदा तेवढ्या लांब पोचत नाही. मार्ग आहे तो १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याचा, आणि तो केंद्राच्या हातात. थोडक्यात, ते पठार महाराष्ट्राचंही नाही आणि कर्नाटकाचंही नाही. २००४ पासून आपला सीमाप्रश्नाचा खटला सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, गल्लीच्या पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली यावरून डोकी फुटली आहेत, आणि इथं कान्होजींच्या नावाची सहाशे चौरस किलोमीटरच्या घरातली जागा कुणी वालीच नाही म्हणून पडली आहे. ट्रॉलरना हे बरोबर ठाऊक असतं.

तेव्हा हौशी माणसाला बोटीवर राहून डायव्हिंग करायचं तर अंदमान नाहीतर मालदीव. आम्ही बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरू आणि तिथून माले असे गेलो. मोठी बोट राहण्याची, आणि तिच्या मागे-पुढे चालणारी एक लहान धोणी. टाक्या, हवा भरणारा कॉम्प्रेसर, ओले सूट, सगळं त्या धोणीवर, त्यामुळे झोपण्याच्या जागी घरघर नाही. दिनक्रम सैन्यातल्यासारखा असतो. उजाडण्याआधी चहा, मग फळ्यावर खडूने काढलेला नकाशा: प्रवाह कुठून येतो, कुठं कपारीला धरून थांबायचं, कुठं वर यायचं. बुडी. नाश्ता. विश्रांती. बुडी. जेवण. विश्रांती. तिसरी बुडी, आणि कधी अंधार पडल्यावर चौथी. मधल्या विश्रांतीला आमच्यातले नवखे वैतागतात, ‘पैसे भरून झोपायला आलोय का?’ म्हणून. पण ती झोप म्हणजेच अर्धं डायव्हिंग आहे. ते का, ते पुढे येईल.

या बोटीवर सगळ्यांत गर्दीची जागा जेवणाचं टेबल नसून कॅमेऱ्यांचं टेबल असते. चार्जरच्या वायरींचं जाळं, टॉवेल, सिलिकॉन ग्रीसच्या ट्यूबा, आणि त्यावर वाकलेली माणसं. कॅमेरा ज्या पेटीत बसतो तिला हाउसिंग म्हणतात आणि तिची सगळी भिस्त एका रबरी कड्यावर, ओ-रिंगवर असते. ज्या गावात उद्यमबागेपासून हायड्रॉलिक्सचा धंदा पसरला आहे, त्या गावच्या माणसाला ओ-रिंग समजावून सांगावी लागत नाही. तेल गळू नये म्हणून जी काळजी सिलिंडरमध्ये घ्यायची तीच इथं पाण्यासाठी घ्यायची. कड्यावर एक केस, वाळूचा एक कण राहिला की कॅमेरा गेला. १८५६ साली विल्यम थॉम्पसन नावाच्या इंग्रजाने वेमथच्या किनाऱ्यावर पेटीत घालून कॅमेरा समुद्रात सोडला होता. पेटीत पाणी शिरलं, तरी पुसटसा फोटो मिळाला. पुढे १८९३ पासून फ्रान्समध्ये लुई बूताँने पाणबुड्याचा पोशाख चढवून स्वतः खाली जाऊन फोटो काढायला सुरुवात केली. कूस्तो आणि गान्याँ यांचा अ‍ॅक्वालंग १९४३ चा. तो आला आणि माणूस पाण्याखाली दोरीशिवाय, नळीशिवाय मोकळा फिरू लागला. आजची सगळी हौस त्याच्यावर उभी आहे.

खाली गेल्यावर कॅमेऱ्याची पहिली लढाई रंगाशी. पाणी लाल रंग आधी गिळतं. पाच-सात मीटरवर लाल जवळपास संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. वीस मीटरवर सगळीकडे निळं-करडं. बाजारात लालभडक दिसते म्हणून आपण जी तांबोशी उचलतो, ती आपल्या घरी करडी असते. लाल अंग म्हणजे तिथं अंगावर पांघरलेला अंधार. फ्लॅश मारला की क्षणभर ती तांबडी होते आणि मग कळतं की शिकाऱ्यांपासून लपायचा हा किती साधा उपाय. म्हणून पाण्याखाली स्वतःचा उजेड न्यावा लागतो. तोही लेन्सशेजारी धरायचा नाही, नाहीतर पाण्यातला प्रत्येक कण चमकून फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. उजेडाचे हात बाजूला लांब पसरायचे आणि माशाच्या जवळ जायचं, मग अजून जवळ. दूरवरून ओढून काढलेला फोटो पाण्याखाली कधीच चांगला येत नाही, कारण तुमच्या आणि माशाच्या मध्ये पाणी असतं, आणि पाणी म्हणजे तरंगता कचरा. मालवणच्या गढूळ पाण्यात शिकलेल्याला याचा एक फायदा होतो. लांबचं काही दिसतच नाही, म्हणून तो बोटभर नुडिब्रँक (समुद्री गोगलगाय), कोळंबी, पोवळ्याच्या फांदीवरचे डोळे असं बारीकसारीक बघायला शिकतो. स्वच्छ पाण्यात थेट उतरलेल्याला ती नजर नसते. तो शार्कची वाट बघत बसतो.

पाण्याखाली वस्तू एक तृतीयांशाने मोठी दिसते. मासेमाऱ्यांच्या गप्पांना यापेक्षा चांगला शास्त्रीय आधार मिळणार नाही.

कॅमेरा घेतलेला डायव्हर हा पोवळ्यांचा मोठा शत्रू असतो हेही सांगितलं पाहिजे. चौकटीत डोळे अडकले की पाय कुठं लागतात याचं भान राहत नाही. श्वासाने तरंगणं, भरला की किंचित वर, सोडला की किंचित खाली, हे आधी अंगात मुरलं पाहिजे, कॅमेरा नंतर. मालदीवच्या बा अ‍ॅटॉलमधल्या हनिफारू उपसागरात तर डायव्हिंगलाच बंदी आहे. नैर्ऋत्य मान्सून, म्हणजे आंबोलीवर सात हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो तोच, तिथं तरंगत्या सूक्ष्मजीवांची रास लोटून आणतो आणि ती खायला मांटा रे मासे जमतात. टाक्यांचे बुडबुडे त्यांना बिथरवतात, म्हणून तिथं फक्त नळी लावून वरून पोहायचं. वरून दिसतं ते कमी नसतं.

मांटांच्या पोटावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. व्हेल शार्कच्या अंगावरचेही. २००५ साली संशोधकांनी आकाशातले तारे ओळखण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी केलेली गणिती पद्धत व्हेल शार्कच्या ठिपक्यांना लावली. डाव्या बाजूला कल्ल्यांच्या मागचा फोटो दिला की संगणक सांगतो, हा प्राणी पूर्वी कुठं दिसला होता. म्हणजे हौशी माणसाचा फोटो शास्त्राच्या कामी येतो, फक्त तो योग्य बाजूने काढलेला हवा. हे ऐकल्यापासून आमच्या गटातल्या सेल्फी कमी झाल्या आणि कल्ल्यांचे फोटो वाढले.

आता त्या सक्तीच्या विश्रांतीकडे येऊ.

आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७९ टक्के नायट्रोजन. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि वाढत्या दाबाखाली हा नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत जातो. हळू वर आलात तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. झटकन वर आलात तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखं होतं: बुडबुडे. सांध्यांत कळ, अंगावर मुंग्या, न जाणारा थकवा, आणि वाईट झालं तर मज्जारज्जूला इजा. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी वर येण्याचे तक्ते केले तेव्हा बकऱ्यांना दाबाच्या टाकीत घालून आधी त्यांच्यावर प्रयोग केले. आज मनगटावरचा संगणक तेच गणित दर सेकंदाला करतो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा म्हणतो, दोन बुड्यांत विश्रांती घ्या म्हणतो. पण एवढं सगळं करूनही दिवसाला तीन-चार बुड्या मारल्या की थोडा नायट्रोजन अंगात उरतोच आणि दिवसागणिक साठत जातो.

म्हणून सफारी बोटीचा शेवटचा दिवस कोरडा असतो. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, आणि अंगात साठलेल्या नायट्रोजनच्या दृष्टीने विमानात बसणं म्हणजे पुन्हा एकदा वर येणंच. एका बुडीनंतर बारा तास, अनेक दिवसांच्या अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास उडू नये, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला. तो सगळे पाळतात. सूट दोरीवर वाळत असतात, माणसं पत्ते खेळत असतात, पाणी समोर असून कुणी उतरत नाही.

तीच माणसं नेत्राणीला लागोपाठ दोन दिवस तीन-तीन बुड्या मारतात आणि संध्याकाळी अंकोल्यावरून अरबैल घाट चढून यल्लापूरमार्गे मध्यरात्री बेळगावात पोचतात. किंवा मालवणहून आंबोली. किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडवरून चोर्ला. विमानासाठी थांबतात, घाटासाठी कुणी थांबत नाही, कारण घाट म्हणजे उड्डाण नव्हे असं आपल्याला वाटतं. शरीराला ते कळत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास. इथं हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. विमान प्रवासाचा तो सल्ला मुळातच दोन हजार ते आठ हजार फूट उंचीइतक्या दाबाच्या केबिनसाठी आहे. म्हणजे आमचं गाव त्या हिशेबात सरळ बसतं. घरी बसून चहा पितानासुद्धा आम्ही, डायव्हिंगच्या भाषेत, खालच्या पट्टीतल्या विमानात असतो.

घाबरून जाण्यासारखं नाही. मालवणच्या सात मीटरवरच्या वीस मिनिटांनंतर अंगात उरतो तो नायट्रोजन नगण्य. वडे-सागोती खाऊन आंबोली चढलात तर काही होत नाही. अमेरिकन नौदलाच्या तक्त्यांत उंचीवर जाण्यापूर्वी किती थांबायचं ते दर हजार फुटांना दिलेलं असतं, आणि हलक्या बुडीला एवढ्या उंचीसाठी थांबावं लागत नाही. प्रश्न आहे तो परवाना घेऊन खोल आणि वारंवार जाणाऱ्यांचा, आणि आमच्या भागात ती संख्या वाढते आहे. मुंबईच्या डायव्हरला ही अडचण नाही, तो समुद्रसपाटीला राहतो. पुस्तकं आणि वर्ग बहुतेक त्याच्यासाठी, नाहीतर बेटांवर राहणाऱ्यांसाठी लिहिलेले. प्रशिक्षक निघताना विचारतो, ‘फ्लाइट कधी आहे?’ ‘घाट कधी चढणार?’ असं विचारणारा मला अजून भेटायचा आहे. सांध्याची कळ बेळगावात आल्यावर सुरू झाली तर माणूस ती गाडी चालवल्याची समजतो, बाम चोळतो आणि झोपतो, आणि डॉक्टरकडे गेला तरी आदल्या दिवशी समुद्रात होतो हे सांगत नाही. अशा वेळी पहिला उपाय शुद्ध ऑक्सिजन, आणि मग दाबाच्या खोलीतला उपचार. निदान ‘मी काल डायव्हिंग केलं’ एवढं वाक्य तरी डॉक्टरसमोर उच्चारावं.

उद्या निवतीजवळ आयएनएस गुलदार ही निवृत्त युद्धनौका बुडवून तिच्याभोवती पाण्याखालचं संग्रहालय करायचा जो प्रकल्प सरकारने हाती घेतला आहे तो पुरा झाला, तर खोल बुड्या मारायला घाटावरून येणाऱ्यांची रीघ लागेल. वेंगुर्ल्याच्या त्या जुन्या रस्त्याने मालाऐवजी नायट्रोजन चढू लागेल.

उपाय सोपा आणि फार महाग नाही. शेवटची बुडी सकाळी मारायची आणि रात्र खालीच काढायची. सावंतवाडी त्यासाठी उत्तम: मोती तलावाला फेरी, चितारआळीत लाकडी खेळणी, रात्री माशांचं ताट. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आंबोली. मुर्डेश्वरकडून येत असाल तर कारवारला मुक्काम. अडचण एवढीच की दुसरा दिवस सोमवार असतो, आणि रजेच्या अर्जात ‘अंगात नायट्रोजन शिल्लक असल्याने घाट चढू शकत नाही’ असं कारण लिहिलं तर बेळगावातला कुठलाही मॅनेजर ते मराठीतही मंजूर करणार नाही आणि कन्नडमध्येही नाही. ‘ताप आहे’ असं लिहावं.